'नाही' म्हणणारा अत्तार

माझा भाचा २०१२ साली डी. फार्म. झाला. घरात औषधनिर्माणशास्त्राचा कागद आणणारा तो पहिलाच. फार्मसी कौन्सिलमध्ये त्याचे नाव नोंदले गेल्याला महिनाही झाला नव्हता, तोच तालुक्याच्या एका मेडिकल दुकानदाराचा निरोप आला. मुलाने काही करायचे नव्हते, दुकानात बसायचेही नव्हते. फक्त नोंदणीचे प्रमाणपत्र त्या दुकानाच्या भिंतीवर लावू द्यायचे. त्याबद्दल दरमहा ठरलेली रक्कम घरपोच मिळणार होती.

बहीण म्हणाली, "भाई, यात वाईट काय? कागद पेटीत पडून राहण्यापेक्षा चार पैसे आणील."

भाचा काही बोलला नाही. मगरिबनंतर मला एकटा गाठून त्याने विचारले, "मामू, आपलं स्वतःचं दुकान काढायचं म्हटलं तर जमेल का?"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दुकानाचा हिशेब मला कधी जमला नाही. पण त्या मुलाचे आडनाव अत्तार आहे, आणि त्या आडनावामागे हजार-बाराशे वर्षांची दुकानदारी उभी आहे, एवढे मला ठाऊक होते. त्या रात्री त्याला जे तुकड्यातुकड्याने सांगितले, तेच येथे थोडे नीट लावून मांडतो. प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा नाही. आज आपल्यातली बरीच मुले-मुली फार्मसीकडे वळत आहेत. शिकल्यावर कागद भाड्याने द्यायचा की गादीवर बसायचे, हा प्रश्न त्यांच्याही घरात येतो.

आडनावातला धंदा

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या भागात आपली कितीतरी आडनावे धंद्यावरून पडली आहेत. बागवान, तांबोळी, मणेर, शिकलगार, पिंजारी, अत्तार त्यांतलेच. माझ्या पिढीने पाहिलेला अत्तार आठवडी बाजारात कापड अंथरून बसायचा. अत्तराच्या कुप्या, उदबत्ती, ऊद, सुरमा आणि त्याच पथारीवर कुंकू, बुक्का, अष्टगंध. ईदचे अत्तर आणि एकादशीचा बुक्का एकाच माणसाच्या हातून घरोघर जात असे. कोणाचे पोट दुखले तर तो ओव्याबरोबर आणखी एखादी पुडी बांधून देई. पण ही त्याची वरकड सेवा. लोकांच्या लेखी तो सुगंध विकणारा.

अरबीत मात्र 'अत्तार' हा शब्द यापेक्षा रुंद होता. सुगंधी द्रव्ये विकणारा आणि औषधी द्रव्ये विकणारा एकच. केशर, कस्तुरी, कापूर, चंदन, दालचिनी या वस्तू सुगंधाच्या म्हणाव्यात की औषधाच्या? त्या काळी हा भेद कोणी केला नाही. 'मन्तिक-उत-तैर' लिहिणारा निशापूरचा सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार हा पेशाने औषधविक्रेता होता आणि त्याचे 'अत्तार' हे नाव धंद्यावरूनच आले.

औषधविक्रेत्याला अरबीत आणखी एक शब्द आहे, 'सैदनानी'. अल-बिरूनीने ऐंशीच्या घरात असताना औषधी द्रव्यांवर 'किताब अस-सैदना' हा मोठा ग्रंथ रचला. हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणारा तोच हा अल-बिरूनी. त्यात त्याने या शब्दाची उपपत्ती दिली आहे. त्याच्या मते हा शब्द आपल्याकडच्या 'चंदन'वरून निघाला. चंदन विकणारा तो सैदनानी. त्याच ग्रंथाच्या प्रारंभी तो सांगतो की, तरुणपणी त्याच्या गावात एक ग्रीक माणूस आला होता. अल-बिरूनी बिया, फळे, पाने घेऊन त्याच्याकडे जाई, त्याच्या भाषेतले नाव विचारी आणि लिहून ठेवी. औषधाचे नाव चुकले तर औषध चुकते, आणि औषध चुकले तर माणूस जातो, ही जाण त्या खटाटोपामागे होती.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. आयुर्वेदाचा 'त्रिफळा' युनानीत गेला आणि 'इतरीफल' झाला. फारसीतले 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी अरबीत 'जुलाब' झाले, औषधी सरबताला ते नाव पडले आणि फिरत फिरत मराठीत आले तेव्हा त्याचा अर्थ पोट साफ करणारे औषध असा झाला. मलम, अर्क, सरबत, गुलकंद, मुरब्बा, दवा, हकीम, दवाखाना हे सगळे शब्द आपण मराठी म्हणूनच बोलतो. ते या वाटेने आले आणि घरचेच होऊन गेले.

अफशीनची परीक्षा

औषधाच्या दुकानाला परवाना लागतो ही इंग्रजांची कल्पना, असा आपला समज असतो. त्याहून फार जुनी एक हकिकत आहे. तेराव्या शतकात दमास्कसचा वैद्य इब्न अबी उसैबिआ याने वैद्यांच्या चरित्रांचा ग्रंथ लिहिला, त्यात ती येते. प्रसंग त्याच्या आधी चारशे वर्षांचा.

अब्बासी खलिफा मुअतसिमचा सेनापती अफशीन हा बाबकच्या बंडाविरुद्ध लढत होता. साल ८३५ ते ८३७ च्या दरम्यानचे. त्याच्या छावणीत सैनिकांबरोबर बाजारही असे आणि बाजारात औषधवालेही. अफशीनने छावणीतल्या दुकानदारांची यादी मागवली. औषधवाल्यांची नावे आली तेव्हा त्याच्याजवळ असलेल्या जकरिया अत-तैफूरी या वैद्याने त्याला खलिफा मामूनच्या वेळची गोष्ट सांगितली.

मामूनला कोणीतरी म्हणाले होते की, औषधवाल्यापाशी काहीही मागा. असो वा नसो, तो 'आहे' म्हणतो आणि हाताला येईल ते बांधून देतो. मामूनने खात्री करायचे ठरवले. बगदादजवळच्या एका ठिकाणाचे नाव घेतले आणि ते औषधाचे नाव म्हणून माणसांकरवी दुकानोदुकानी विचारले. प्रत्येक औषधवाला म्हणाला, आहे. प्रत्येकाने पैसे घेतले. कोणी बिया दिल्या, कोणी दगडाचे तुकडे दिले, कोणी जनावराचे केस दिले.

ही गोष्ट ऐकून अफशीनने तोच प्रयोग केला. आपल्या मुलखाची, उश्रूसनाची, दफ्तरे मागवली, त्यांतून वीसेक नावे काढली आणि माणसे बाजारात पाठवली. काही औषधवाले म्हणाले, हे नाव आम्ही ऐकलेले नाही. काहींनी पैसे घेऊन काहीबाही दिले. मग अफशीनने सगळ्यांना बोलावले. ज्यांनी 'नाही' म्हटले होते, त्यांना छावणीत राहण्याचे लेखी परवाने दिले. बाकीच्यांना हाकलून दिले.

भाच्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला. मग म्हणाला, "म्हणजे पहिलं लायसन्स 'नाही' म्हणणाऱ्याला मिळालं."

मला तर औषधाच्या धंद्याचा सगळा इतिहास या एका वाक्यात दिसतो. कापडवाल्याने खोटे सांगितले तर गिऱ्हाइकाला दोन धुण्यांत कळते. किराणावाल्याची भेसळ जिभेला कळते. औषधाचे तसे नाही. घेणाऱ्याला काही कळत नाही आणि तो अडलेला असतो. जे आपल्यापाशी नाही ते नाही म्हणणे आणि जे द्यायचे नाही ते न देणे, यावरच हा धंदा चालतो.

दुकानाची वाट

पुढच्या काळात बाजारावर देखरेख करणारा अधिकारी, मुहतसिब, ठिकठिकाणी असे. त्याच्यासाठी लिहिलेली हस्तपुस्तके आज उपलब्ध आहेत. बाराव्या शतकात शामच्या मुलखात अश-शैजरीने असे एक पुस्तक लिहिले. त्यात अत्तार आणि सरबतवाले यांच्यावर वेगळी प्रकरणे आहेत. वंशलोचनात कुंभाराच्या भट्टीत जाळलेली हाडे मिसळतात, अफूत दुसऱ्या झाडाचा रस घालतात, चिंचेत आलुबुखाऱ्याचा गर घालतात, अशा लबाड्या आणि त्या ओळखण्याच्या रीती तो सांगतो. हे पुस्तक वाचताना मौज वाटते आणि थोडी शरमही वाटते. भेसळ करणारेही आपलेच होते आणि पकडणारेही आपलेच.

मुहतसिब बाहेरून पाहतो. दुकानदाराने आतून काय करावे हे सांगणारे पुस्तक १२६० साली कैरोत लिहिले गेले. लेखक अबुल-मुना कोहेन अल-अत्तार हा धर्माने यहुदी आणि धंद्याने अत्तार. पुस्तकाचे नाव 'मिन्हाज अद-दुक्कान', म्हणजे दुकानाची वाट. यातला 'दुक्कान' तो आपलाच 'दुकान'. म्हातारा बाप हयातभराचा अनुभव मुलाच्या हाती देतो, असे त्याचे रूप आहे. पहिले प्रकरण पाककृतींचे नाही. औषध देणाऱ्याचे मन कसे असावे, जबाबदारी किती, याचे आहे. त्यानंतर सरबते, माजून, चूर्णे, गोळ्या येतात. पुढे वजने-मापे, एक द्रव्य नसेल तर त्याऐवजी काय चालते, वनस्पती केव्हा गोळा करावी, किती दिवस टिकते, खरे-खोटे कसे पारखावे, हे सगळे आहे.

आज मेडिकल दुकान काढणाऱ्याला याहून वेगळे काय शिकावे लागते? साठवण, मुदत, पर्यायी औषध, वजनमाप आणि नियत. हे पुस्तक पुढे शतकानुशतके अत्तारांच्या हाताखाली राहिले. यहुद्याने अरबीत लिहिले आणि मुसलमान अत्तारांनी वापरले.

दिल्लीची दोन दारे

आता आपल्या देशात येऊ. युनानीची रीत अशी की, हकीम नाडी पाहून नुस्खा लिहून देई आणि रोगी तो कागद घेऊन अत्ताराकडे जाई. उन्नाब, गावजबान, बनफशा, ज्येष्ठमध, सनाय असा एकेक जिन्नस अत्तार तागडीत तोलून पुडीत बांधून देई. हकीम कितीही मोठा असला तरी त्याची अब्रू शेवटी अत्ताराच्या पुडीत असे. जिन्नस जुना निघाला, भलता निघाला तर नाव हकिमाचे जाई.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही व्यवस्था दोन्हीकडून अडचणीत आली. बाजारात शुद्ध जिन्नस मिळेना आणि समोर इंग्रजी औषधांची काचेची कपाटे उभी राहिली. मुंबईत केम्प आणि कंपनी या औषधविक्रेत्याच्या दुकानावरून तर एका चौकालाच केम्प्स कॉर्नर हे नाव पडले, ते आजही आहे. १९१२ साली मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यात वैद्य-हकिमांना जागा नव्हती. त्याआधीच, १९१० साली, दिल्लीचे हकीम अजमल खान यांनी वैद्य आणि हकीम दोघांना एका परिषदेत एकत्र आणले होते. त्यांच्या हिंदुस्तानी दवाखान्यात आयुर्वेदिक व युनानी दोन्ही औषधे बनत. १९२१ साली त्यांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले. औषधविक्री आणि शिक्षण यांना हकीमसाहेबांनी जाणूनबुजून जोडले, हे मला त्यांचे खरे मोठेपण वाटते.

याच दिल्लीत, हौज काजीच्या भागात, १९०६ साली हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी एक छोटा दवाखाना काढला. नाव ठेवले हमदर्द, म्हणजे दुःखाचा वाटेकरी. पुढच्या वर्षी त्यांनी उन्हाळ्याच्या झळांवर उतारा म्हणून एक सरबत बनवले. ते रूह अफ्जा. त्याच्या बाटलीचे रंगीत लेबल छापण्याची सोय तेव्हा दिल्लीत नव्हती, ते मुंबईत छापून घ्यावे लागले. दुकान जम धरू लागले आणि १९२२ साली अब्दुल मजीद वारले. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. मागे पत्नी राबिया बेगम, तेरा-चौदा वर्षांचा मुलगा अब्दुल हमीद आणि दोन वर्षांचा मोहम्मद सईद. अशा वेळी आपल्याकडे काय होते ते आपण पाहतो. दुकान भाऊबंदांकडे जाते किंवा विकले जाते. राबिया बेगम यांनी ते जाऊ दिले नाही. पदराआडून कारभार सांभाळला आणि मुलाला उभे केले. हमदर्दच्या इतिहासात सरबताचे नाव घरोघर आहे. या बाईंचे नाव किती घरांत माहीत असेल?

फाळणी झाली तेव्हा थोरला दिल्लीत राहिला. धाकटा १९४८ च्या जानेवारीत कराचीला गेला आणि आरामबाग भागात भाड्याच्या लहानशा जागेत पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. त्याच १९४८ साली हकीम अब्दुल हमीद यांनी दिल्लीची सगळी हमदर्द वक्फ केली. १९५३ साली हकीम सईद यांनी कराचीची केली. १९८९ साली दिल्लीच्या संस्थेतून जामिया हमदर्द हे अभिमत विद्यापीठ झाले आणि तेथे औषधनिर्माणशास्त्र शिकवले जाते. कराचीचे हकीम सईद यांची १७ ऑक्टोबर १९९८ रोजी हत्या झाली. दिल्लीचे हकीमसाहेब २२ जुलै १९९९ रोजी गेले.

युनानी औषध किती गुणकारी, हा वेगळा वाद आहे आणि तो प्रयोगशाळेत सुटायचा आहे. मला येथे दुकान पाहायचे आहे. एका गल्लीतले दुकान दोन देशांत पसरले, ते नुसत्या भांडवलावर नाही. या बाटलीत जे लिहिले आहे तेच आहे, हा विश्वास लोकांना वाटला.

तिकडे मुंबईत दुसरे एक अब्दुल हमीद दुसऱ्या वाटेने निघाले. अलीगढचे ख्वाजा अब्दुल हमीद जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले आणि १९३५ साली मुंबई सेंट्रलजवळ भाड्याच्या बंगल्यात त्यांनी सिप्ला सुरू केली. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजी तो कारखाना पाहून गेले. त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी २००१ साली एड्सवरची औषधे रोजच्या एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केली, तेव्हा साऱ्या जगातले भाव खाली आले. एकाने जुन्या विद्येला शिस्त लावली, दुसऱ्याने नवी विद्या आपलीशी केली. शिक्षणाशिवाय मात्र दोघांपैकी एकही पुढे गेला नाही.

कायदा आला तेव्हा अत्तार कोठे होता?

इंग्रजी अमलात औषधांचा बाजार मोकाट होता. क्विनाइनसारख्या औषधातही भेसळ चाले. सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ साली अहवाल आला, १९४० साली औषधांचा कायदा झाला, १९४५ साली त्याचे नियम झाले. १९४८ साली फार्मसी कायदा आला. तेव्हापासून डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम ठरले.

त्या कायद्यात एक गोष्ट होती. पहिली नोंदवही तयार होत असताना नुसत्या अनुभवावरही नाव घालता येत होते. दवाखान्यात किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नियमित औषधे देणाऱ्या ठिकाणी पाच वर्षे काम केले असेल तर पदविका नसली तरी चाले. अनेक कंपाउंडरांनी आपली नावे नोंदवून घेतली. बाजारात पथारी टाकणारा आमचा अत्तार त्यात बसत नव्हता. त्याच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी येतच नव्हती. ते दार मिटल्यावर आत जायचे तर शिक्षण हवे होते.

आयुर्वेदिक-युनानी औषधे १९६४ च्या दुरुस्तीने कायद्याच्या कक्षेत आली, पण परवाना लागला तो बनवणाऱ्याला. विकणाऱ्याला लागला नाही. म्हणजे अत्ताराला कोणी हाकलले नाही. तो आपल्या जागी बसून राहिला आणि बाजार तेथून उठून गेला. त्याची मुले अत्तराच्या कुप्यांवर राहिली, कोणी बांगड्यांकडे वळले, कोणी शहरात मजुरीला गेले. औषधाचे कपाट दुसऱ्यांच्या दुकानात उभे राहिले. यात कोणाच्या कटाची गोष्ट शोधत बसू नये. दार शाळेतून उघडत होते आणि आपली पोरे शाळेत उशिरा पोचली. आज ती पोचली आहेत. म्हणूनच प्रमाणपत्र भाड्याने देण्याची गोष्ट मला बोचली. इतक्या पिढ्यांनंतर गादी पुन्हा हाताशी आली आणि आपण तिथे फक्त आपल्या नावाची चौकट टांगणार, बसणार दुसराच.

भिंतीवरचा कागद

भाड्याच्या प्रमाणपत्राने काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाचा अहवाल १९८८ साली आला. विष एका माणसाच्या हातून शिरले नव्हते. ज्या ज्या टप्प्यावर कोणी 'हे मी घेणार नाही', 'हे मी देणार नाही' म्हणायला हवे होते, तेथे तेथे सही होती आणि शिक्का होता. पाहणारा माणूस नव्हता. तेच विष २०२५ साली खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक लहान मुलांच्या पोटात गेले. त्यांतल्या कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला.

आणि एप्रिल २०२१? करोनाची दुसरी लाट, रेमडेसिविरसाठी लोक रात्र रात्र रांगेत. त्या दिवसांत बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. रेमडेसिविरच्या रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून ती माणसे विकत होती. मामूनच्या माणसांना बगदादच्या बाजारात दगड आणि केस देणाऱ्यांहून ही माणसे वेगळी कोठे होती? आहे म्हणायचे, पैसे घ्यायचे, हाताला येईल ते द्यायचे.

महाराष्ट्रात २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर कारवाया सुरू केल्या. भाच्याला निरोप आला तो याच दिवसांत. दुकानदारांना फार्मासिस्ट नको होता, कागद हवा होता. भाच्याने तो दिला नाही. शहरातल्या एका मेडिकलमध्ये त्याने नोकरी धरली. पाच वर्षे काउंटरवर उभे राहून डॉक्टरांची अक्षरे वाचायला शिकला. घाऊक व्यापारी किती दिवसांची उधारी देतो, मुदत संपलेला माल कोण परत घेतो आणि कोण टाळाटाळ करतो, कोणते औषध महिन्याला दहा पट्ट्या जाते आणि कोणते वर्षभर धूळ खाते, हे सगळे तेथे शिकला.

२०१७ साली त्याने गावात दुकान काढले. किरकोळ विक्रीला किमान दहा चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण एकशेआठ चौरस फूट. तेवढीच आहे. इन्सुलिनसाठी फ्रिज घेतला, तो बहिणीच्या बांगड्या मोडून. ज्या बहिणीने कागद भाड्याने द्यायला सांगितले होते, तिनेच बांगड्या काढून दिल्या. विसाव्या नमुन्यातला परवाना आणि एकविसाव्या नमुन्यातला परवाना भिंतीवर लागला. शेजारी त्याचे प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्राखाली तो स्वतः. औषधांचा कमाल भाव सरकार बांधून देते त्या यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के मिळतात, बाकीच्यांवर साधारण वीस. त्यातून भाडे, वीज, उधारी बुडणे, मुदत संपणे हे सगळे निघायचे. या धंद्यात झटपट श्रीमंती नाही, हे नव्याने उतरणाऱ्याने आधीच समजून घ्यावे.

पहिली दोन वर्षे कठीण गेली. लोक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागत आणि हा देत नसे. झोपेच्या गोळ्या मागत, हा देत नसे. २०१४ पासून तिसऱ्या पिढीची अँटिबायोटिके, क्षयाची औषधे, सवय लावणारी औषधे अशा काहींची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टर कोण, रोगी कोण, औषध किती, हे लिहून वही तीन वर्षे जपायची असते. लोक म्हणत, समोरचा तर काही विचारत नाही. जातीतलेच म्हणत, अत्ताराचा पोरगा शिकला आणि शिष्ट झाला. त्यात २०१८ साली ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा निघाला. २८ सप्टेंबरला देशभरच्या केमिस्टांनी बंद पाळला. त्या दिवशी हाही शटर ओढून माझ्याकडे येऊन बसला होता. म्हणाला, "मामू, मोठ्या सवलतीसमोर माझी एकशेआठ फूट जागा किती दिवस टिकणार?"

मी काय सांगणार? अफशीनने परवाने दिलेल्या त्या औषधवाल्यांचे पुढे काय झाले, त्यांचा गल्ला किती भरला, हे इब्न अबी उसैबिआने लिहिलेले नाही.

दुकान मात्र अजून आहे. २०२१ च्या त्या महिन्यात रोज पन्नास माणसे रेमडेसिविर विचारत यायची. त्याच्याकडे ते नव्हतेच. 'नाही' म्हणायचा आणि जिल्ह्यात कोठे चौकशी करावी तो क्रमांक लिहून द्यायचा. एवढेच. त्यानंतर काही घरे आपल्या म्हाताऱ्या माणसांची साखर-रक्तदाबाची औषधे त्याच्याकडून न्यायला लागली, ती आजपर्यंत नेतात.

मेडिकलच्या दुकानात एक वही असते. गिऱ्हाइकाने मागितले आणि आपल्याकडे नव्हते, ते त्यात टिपायचे. धंद्याच्या भाषेत तिला शॉर्ट बुक म्हणतात. रात्री दुकान बंद करण्याआधी त्या वहीवरून घाऊक व्यापाऱ्याला मागणी जाते आणि दुसऱ्या दिवशी तो माल येतो. मागच्या खेपेला मी त्याच्या काउंटरवर बसलो होतो तेव्हा ती वही चाळली. दिवसभरात अकरा वेळा त्याने 'नाही' म्हटले होते. अकराही नावे स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती.